यंदा नुसती पानं

"त्यापेक्षा झिनिया पेरू या. लवकर फुलते," आजी म्हणाली.

"मला ती जांभळी हवीत," नात म्हणाली आणि तिने कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

पलीकडे घड्याळवाल्या काकांची बाग होती. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून काकांचा सगळा जीव झाडांत. त्यांचे जांभळे कोनफ्लॉवर भर उन्हात ताठ उभे होते. बी ओल्या वाळूत घालून त्यांनी फ्रिजमध्ये ठेवलं होतं. थंडी खाल्ल्याशिवाय ते धड रुजत नाही, म्हणे. मागायचा अवकाश, काका डबी घेऊन हजर.

आजीने डबी घेतली खरी, पण उघडली नाही. बियांपासून लावलेला कोनफ्लॉवर पहिल्या वर्षी नुसती पानं देतो, फुलं दुसऱ्या वर्षी. आणि ही पोर तर उन्हाळ्याची सुट्टी संपली की आई न्यायला येणार, या भरवशावर होती.

आई येणार नव्हती. लेकीने दुसरा संसार मांडला होता आणि नव्या नवऱ्याला पोर नको होती. "तिला इतक्यात सांगू नकोस," लेक फोनवर म्हणाली होती. "रुळली की सांग." आजीने तिला मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं, आणि तोंडाने 'बरं' म्हटलं. नातीच्या बॅगेत तळाशी निघालेले स्वेटर तिने गुपचूप कपाटावर टाकले. फुलांबद्दल पोरीकडे काही बोलू नका, असं काकांनाही बजावलं.

पोरीने मात्र कसला म्हणून त्रास दिला नाही. ताटात पडेल ते खायची, कारलंसुद्धा. उठल्याबरोबर चादरीची घडी घालायची, न सांगता भांडी पुसायची. असं पोर सोडवलं तरी कसं हिला, या विचाराने आजीला लेकीचा संताप यायचा.

बी रुजलं. कोंब आले, पानं आली. नात सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन वाफ्यापाशी.

"फुलं आली की आईला दाखवू हं, आजी."

"हो तर," आजी म्हणायची आणि पदराने उगाच तोंड पुसायची.

एका दुपारी ती परसात कपडे वाळत घालत होती. कुंपणापाशी काका आणि नात बोलत होते. काकांच्या पोटात काही राहत नसे, ते आजही राहिलं नाही.

"अगं, कळ्या कसल्या शोधतेस? यंदा नुसती पानं. फुलं पुढच्या वर्षी."

आजी ओल्या चादरीआड थिजून उभी राहिली. आता पोर रडत येणार, आणि आपल्याला सगळं सांगावं लागणार.

"माहितीये," नात म्हणाली. "गेल्या सुट्टीत तुमच्याकडेही पानंच होती."

"मग हेच बी कशाला मागितलंस?"

"पुढच्या वर्षापर्यंत पाणी घालायला कोणीतरी लागेलच ना." मग तिने आवाज अगदी खाली आणला. "पण आजीला सांगू नका, काका. आई मला न्यायला येणार नाहीये, हे तिला माहीत नाही. कळलं तर ती मला ठेवून घेणार नाही, असं आईने सांगितलंय."