भिंतीकडे तोंड केलेली बाटली

सकाळी दहाला पॅकिंग हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, आणि इकडे नमुने सांभाळायच्या सॅम्पल रूममध्ये तिने दार लोटून घेतलं. गुलाबी गोळ्यांची पहिली स्ट्रिप मशीनमधून बाहेर पडली होती.

काल त्या औषधाचं पेटंट संपलं. वीस वर्षं त्याच्यावर एका परदेशी कंपनीचा हक्क होता. त्या कंपनीच्या गोळ्या महिनाभर घ्यायच्या तर इथल्या माणसाचा वर्षाचा पगार जायचा. आजपासून हे औषध कुणीही बनवावं, कुणीही विकावं, आणि कारकुनानं, हमालानंही विकत घ्यावं. आनंदाचीच गोष्ट, नाही का? मग हिला त्या टाळ्या का नको वाटाव्यात?

एरवी नव्या बॅचचा नमुना आणायला ती स्वतः हॉलमध्ये जायची. आज पाऊलच उचललं नाही. शेवटी दार ढकलून वहिनीच आत आली. डोक्याला जाळीची टोपी, हातात स्ट्रिप, डोळे भरलेले.

"मुकादम म्हणाले, पहिली स्ट्रिप तूच नेऊन दे. म्हणाले, हा मान तुझाच." वहिनीने स्ट्रिप उजेडात धरली. "एवढीशी गोळी हो, वन्सं. एवढ्याशा गोळीपायी तुमचे दादा गेले. तीन वर्षं आधी कुणी बनवली असती तर..."

"हो ना," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार, कपाळ!

दादा गेल्यावर वहिनीला इथे तिनेच चिकटवून घेतलं होतं. सगळे म्हणाले, नणंद असावी तर अशी. ते ऐकलं की तिला मान खाली घालावीशी वाटे. घरी कुणी जिन्यात थांबून धापा टाकू लागलं, की अजूनही तिला वाटायचं, दादाच आला. दार उघडावं तर वरच्या मजल्यावरचे शेजारी असायचे.

"दे इकडे, मी ठेवते," तिने हात पुढे केला.

"नको, मीच ठेवते." वहिनीने काचेचं कपाट उघडलंसुद्धा. इथे बनलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना त्या कपाटात मुदत संपेपर्यंत ठेवायचा, हा नियम. तिथून काही हलवता येत नाही. फार तर फिरवून ठेवता येतं.

दुसऱ्या फळीवर एक तपकिरी बाटली भिंतीकडे तोंड करून उभी होती. आता पॅकिंगच्या बाईच्या हाताला एक खोड असते. दिवसभर हजार बाटल्यांची लेबलं सरळ केली, की उलटं लेबल तिला बघवतच नाही. वहिनीने स्ट्रिप ठेवली आणि दुसऱ्या हाताने, अगदी सहज, ती बाटली पुढे फिरवली.

तेच नाव. खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीची. त्याखाली छापलेलं: फक्त चाचणीसाठी.

वहिनीने तारखेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"हे इथे बनलं होतं?"

"चाचणीपुरतं, वहिनी." ती घाईघाईने सांगू लागली. "पेटंट संपायच्या आधी बनवून, तपासून, सरकारला कागद द्यावे लागतात. तेवढ्यापुरती बनवायची परवानगी असते. विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. एक गोळी बाहेर गेली असती तरी कारखान्याला टाळं लागलं असतं."

"बाकीच्या गोळ्या कुठायत?"

तिने टेबलावरचं नमुन्यांचं रजिस्टर पुढे ओढलं.

"वन्सं, मी विचारतेय."

"कुटल्या. पाण्यात कालवून ओतून दिल्या." तिने आपल्या नखांकडे पाहिलं. "मीच."

चार हजार गोळ्या होत्या. नष्ट करणारी म्हणून एक सही तिची, साक्षीदार म्हणून दुसरी साहेबांची. त्या संध्याकाळी घरी दादाने विचारलं होतं, "नखांना काय लागलंय गं गुलाबी?" ती म्हणाली होती, रंग. पुढे तो अंथरुणाला खिळला, तेव्हा एकदा हळूच म्हणाला, "तुमच्याकडे नाही का गं बनत ते औषध?" आणि ती म्हणाली होती, "नाही रे दादा." त्या दिवसापासून हात कितीही घासले तरी नखं तिला गुलाबीच दिसायची.

वहिनी ओरडेल, निदान रडेल तरी, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनीने नुसतं बाटलीवरच्या तारखेतल्या महिन्यावर बोट टेकवलं.

"या महिन्यात ते जिना चढत होते," वहिनी म्हणाली. "भाजीची पिशवी घेऊन. एकदाही न थांबता."

मग तिने कपाट लावलं, टेबलाशी आली आणि पेन उचललं. "नमुना आणून देणाऱ्याची सही लागते ना? कुठे करू?"

तिने रजिस्टरातला रकाना दाखवला. वहिनीने सही केली, शेजारी तारीख घातली आणि रजिस्टर तिच्याकडे सरकवलं.

तारीख आजची नव्हती. बाटलीवरची होती.

या रजिस्टरात खोडरबर चालत नाही, गिरवलेलंही चालत नाही. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, बाजूला सॅम्पल रूमवालीने सही करायची आणि खरी तारीख लिहायची. वर्षानुवर्षं हे काम तिचंच.

"वहिनी, ही तारीख..."

"चुकली का?" वहिनीने टोपी सारखी केली. "मग मारा की रेघ."

हॉलमध्ये मशीन धडधडत होतं. वहिनी दाराशी उभी राहून वाट बघत होती. नणंदेने पेन त्या तारखेवर टेकवलं. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला, पण रेघ काही पुढे सरकेना.