बिननावाचं पिल्लू

लुआंग्वा नदीकाठचं गवत संध्याकाळी मधाच्या रंगाचं झालं, तेव्हा हत्तींचा कळप पलीकडच्या रानाला निघाला. पोरक्या पिल्लाच्या आईचाच कळप तो. आज त्यानं पिल्लाला नेलं नाही, तर ते जन्मभर कुंपणात राहणार होतं.

बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवणारी शालन गळ्यातल्या यंत्रात पुन्हा बोलली, "सोन्याला न्या." शब्द हत्तींच्या बोलीत जमिनीखालून घुमत गेले. कळप थांबला नाही.

"डॉक्टरबाई, तुमच्यात नाव कोण ठेवतं?" राखणदार मुलेंगानं विचारलं.

"आत्या. कानात कुर्र करून."

"मग 'सोन्या' म्हणायची तुम्हीच कशी घाई केलीत? आत्याच्या मानाची म्हातारी तर ती बघा, चालली पाण्यात!"

शालन ओशाळली. यंत्रात हळूच म्हणाली, "आत्याबाई, बाळाचं नाव ठेवायचं राहिलंय."

पाण्यातली म्हातारी हत्तीण थबकली. परत आली. पिल्लाच्या सुपासारख्या कानाशी वाकून खोल, खूप खोल घुमली. यंत्राला ते नाव काही मराठीत सांगता येईना.

पिल्लू तिच्यामागं निघालं.

"सोन्या!" शालननं न राहवून हाक मारली.

त्यानं वळून पाहिलं नाही.

"बारसं झालं, मुलेंगा," ती डोळे पुसत हसली. "आता घुगऱ्या वाटायला हव्यात."