तिसरा मजला

“वहिनी, झाड ना गोळी!” धाकटी नणंद सोफ्यावर उभीच राहिली.

वहिनीने गोळी झाडली नाही. पडद्यावरची बाई भिंतीला खांदा लावून थबकली. जिन्यावरून ते बिनचेहऱ्याचं ध्यान सरपटत खाली आलं, दोन पावलांवर थांबलं, हुंगलं आणि आल्या वाटेने परत गेलं. मगच वहिनीने बाईला पुढे चालवलं. भिंत मात्र सोडू दिली नाही.

नणंद मटकन खाली बसली. शनिवारची दुपार होती. चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी झाल्या झाल्या ती थेट इकडेच आली होती, आणि आल्यापासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

गेम तिचाच होता. नवा, पण मुद्दाम जुन्या धाटणीचा. ठोकळ्यांची माणसं, जिकडे तिकडे धुकं, कोपऱ्यात खिळा मारून बसवल्यासारखा कॅमेरा, आणि अख्ख्या खेळात मिळून अकरा गोळ्या. पडक्या हॉटेलात अडकलेल्या बाईने जिवंत बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट. नणंद पहिल्याच बोळात वीसेक वेळा मेली आणि तिने तो नाद सोडला. वहिनीने तर जन्मात कंट्रोलर हातात धरला नव्हता. पण पाय प्लास्टरमध्ये, दिवसभर छताकडे बघत पडून असते, म्हणून दादाच म्हणाला होता, “चिमे, तुझं ते भुताटकीचं खेळणं दे हिला. तेवढंच मन रमेल.”

दीड महिन्यात वहिनी त्या हॉटेलची मालकीण असल्यासारखी वावरू लागली होती.

वहिनी अग्निशमन दलात होती, चौदा वर्षं. धुरात शिरावं तशीच ती खेळते, हे नणंदेला आज कळत होतं. उजवा हात भिंतीला. दारं मोजत जायचं. दार उघडण्याआधी थांबून कानोसा घ्यायचा. परतीची वाट डोक्यात पक्की झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. दुसरं कुणी असतं तर एव्हाना निम्म्या गोळ्या हवेत उडवून मोकळं झालं असतं. ही मात्र जिवंत माणूस शोधायला आल्यासारखी खोली न् खोली बघत होती. नणंदेचा जीव टांगणीला लागला होता आणि ऊर अभिमानाने भरून येत होता, दोन्ही एकदमच.

बोळ संपला. हॉटेलचं मागचं दार आलं. फटीतून उजेड दिसत होता. एक बटण दाबलं की खेळ जिंकला.

“सुटलीस वहिनी! अकराच्या अकरा गोळ्या शिल्लक! कमाल आहेस तू!”

वहिनीने बाईला दाराकडे पाठ करायला लावली आणि जिना चढायला सुरुवात केली.

“अगं, कुठे निघालीस? दार मागे राहिलं.”

“वर चौकीदार आहे.”

तिसऱ्या मजल्यावर तुळईखाली चौकीदाराचे पाय अडकले होते. “कोणी आहे का?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता. वहिनीने पहार लावून पाहिली. दोर लावून पाहिला. तुळई हलली नाही. छत कोसळलं, पडदा लाल झाला. वहिनीने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

नणंदेला एकदम आठवलं. वहिनीचा दलातला जोडीदारही तिसऱ्या मजल्यावरच गेला होता, कापडाच्या गोदामाला लागलेल्या आगीत. पैलवान म्हणत त्याला सगळे. बाहेर पडायचा हुकूम आला, ही निघाली, तो मागून येत होता. जिना कोसळला. हिचा पाय मोडला, पैलवान आलाच नाही. घरात एवढंच माहीत होतं. पुढचं विचारायचा कुणाला धीर झाला नव्हता.

चौकीदाराला कसं सोडवायचं, ते नणंदेने मोबाइलवर शोधलं. सांगावं की नाही, तिला कळेना. तोवर वहिनी पुन्हा तुळईपाशी पोहोचलीही होती.

“वहिनी, त्याला वाचवताच येत नाही गं. बनवणाऱ्यांनीच तसं ठरवलंय. आजवर कुणालाही जमलेलं नाही.”

आता ही कंट्रोलर भिरकावणार, असं तिला वाटलं.

“मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” वहिनी म्हणाली.

“मग रोज कशाला वर जातेस?”

वहिनीने खेळ थांबवला. “आत शिरायची भीती नाही वाटत, चिमे. त्याला तिथे ठेवून त्या दारातून बाहेर पडायचं, ते जमत नाहीये.”

नणंद सरकून वहिनीला खेटून बसली. प्लास्टरखालची उशी तिने जरा वर ओढली. “मी बसलेय इथे. तू खेळ.”

या वेळी वहिनीने पहार उचललीच नाही. तिने बाईला चौकीदारासमोर नुसतं उभं केलं. तो हाका मारत राहिला, ती ऐकत राहिली. मग जिना उतरली. दारं मोजत बोळ पार केला. मागचं दार आलं. अंगठा बटणावर येऊन थांबला.

तिने बटण दाबलं. पडदा पांढराशुभ्र झाला आणि त्यावरून नावं सरकू लागली. नणंदेने टाळ्या वाजवल्या नाहीत.

वहिनीने कंट्रोलर बाजूला ठेवला. घामेजलेले तळवे गाऊनला पुसले.

“माझा फोन दे जरा,” ती म्हणाली. “पैलवानाची बायको रोज फोन करते, मी उचलत नाही. आज मी लावते.”