पुलावरचा काळ्या टोपीवाला

पैज अशी ठरली: सतरंजीवरून जी आधी उठंल, ती हरली. हरलेलीनं आजच्या सांजच्या बाजारात, कोंडीबा टरबूजवाल्याच्या भोंग्यावर, आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. उखाण्यात.

"या अल्ला, भोंग्यावर?" कमरुन्निसा पदरात तोंड खुपसून हसली. "आमचे हे तर गाव सोडून जातील."

"जाऊ दे की," शेजारची मालनबाई म्हणाली. "तेवढीच भाकर वाचंल."

मालनबाईची भाची सृष्टी पुण्याहून सुट्टीला आली होती. येताना वीस तोंडांचा एक फासा आणला होता. पट न्हाई, सोंगट्या न्हाईत. सृष्टी गोष्ट सांगणार, खेळणाऱ्यांनी तिच्यात शिरायचं, अडलं की फासा टाकायचा. मूळचा खेळ गोऱ्यांचा, किल्ल्यांचा आन् आग ओकणाऱ्या अजगरांचा. पण सृष्टीनं त्यात जपानी कार्टूनातले नऊ शेपट्यांचे कोल्हे घातले होते, कोरियन मालिकांतली भुतं आन् यमदूत घातले होते. त्या मालिका या दोघीबी मोबाईलवर हिंदीतून बघायच्या, त्यामुळं शिरायला येळ लागला न्हाई. कमरुन्निसा तलवारवाली शहजादी झाली. मालनबाई कोल्हीण.

"लबाडी लागती," ती म्हणाली. "घरचीच हाय."

भर दुपार. लाईट गेलेली. समोरची मालनबाईच्या नवऱ्याची पिठाची गिरणी गप्प होती, म्हणून सगळा गोरेगावच गप्प वाटत होता.

"तुमी पुलाजवळ आल्या," सृष्टीनं आवाज खाली आणला. "खाली पाणी न्हाई, नुसतं धुकं. पुलावर एक माणूस हुबा हाय. काळा झगा, काळी जाळीची टोपी, तोंड पांढरंफट. म्हणतो, पलीकडं जायचं तर एक नाव द्या. तुमच्या जिवातल्या कुणाचं तरी. द्याल ते माझं."

कमरुन्निसानं फासा टाकला आन् दारात बांधलेल्या आपल्या शेळीकडं बोट केलं. "मुन्नी!"

"घेतलं," सृष्टी म्हणाली. "आता मावशी. शेळी-कुत्रं एकदा झालं. माणसाचं दे."

"नवऱ्याचं दे गे!" कमरुन्निसानं कोपर मारलं.

मालनबाई थांबली. नवऱ्याचं नुसतं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य घटतं, हे सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कानात घातलेलं. पंचवीस वर्षं तिनं ते पाळलं. नाव घेतलं ते उखाण्यात, तेबी राव लावून. एरवी 'अहो'. पण जिथं भल्या बाया थांबतात तिथंच मालनबाईला गुदगुल्या व्हायच्या.

"मी कुठं देऊन राहिली?" तिनं डोळा मारला. "कोल्हीण देती."

आन् तिनं नाव घेतलं. राव न लावता, उघडंबोडकं.

तिनं टाकलेला फासा वीसवर थांबला.

"घेतलं," सृष्टी म्हणाली.

शेळी ओरडायला लागली. "चूप बैस गे..." कमरुन्निसा म्हणाली आन् तिथंच अडकली. "मालन, इसका नाम क्या था?"

मालनबाईनं मांडीवर थाप मारली. पण कमरुन्निसा हसत नव्हती. तिनं सृष्टीकडं पाह्यलं. पोरीचा चेहरा उतरला होता. "आत्ताच तर घेतलं होतं, मावशी. मलाबी आठवंना."

मालनबाई उठली ती थेट गिरणीत.

"अहो!"

"काय गं?" अंधारात तो पोत्यावर बसला होता, कानापर्यंत पिठानं पांढरा. "भूत पाह्यलं का?"

ती माठातलं पाणी घटाघटा प्याली. माणूस जागेवर होता. मग तिचं तिलाच हसू आलं. गावाला बनवणाऱ्या मालनबाईला दोघींनी मिळून उठवलं! बरं सोंग केलं होतं.

सांजच्याला ती ताठ मानेनं बाजारात गेली. कोंडीबानं टरबुजाच्या ढिगाऱ्यामागून माईक पुढं केला. भाजीवाल्या उठून आल्या. तिचा नवरा पुढंच हुबा, भुवयांवर पीठ.

"गिरणीच्या पट्ट्याला घुंगरं बांधली सोळा," मालनबाई खणखणीत म्हणाली, "बाजार झाला गोळा, नाव घेते..."

पुढं काईच नव्हतं.

"लाजली!" शिट्ट्या वाजल्या.

"अगं घे की," नवरा म्हणाला. "मी काय मरून न्हाई राहिलो."

मालनबाईनं कमरुन्निसाकडं पाह्यलं. कमरुन्निसा सांगायला गेली आन् शेळीच्या नावासारखीच अडकली. कोंडीबा नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. "मी सांगतो वहिनी," त्यानं तोंड उघडलं, आन् उघडंच ठेवलं.

"काय माणसं हाईत!" नवऱ्यानं हसत माईक आपल्याकडं ओढला. "माझं नाव..."

भोंग्यातून साऱ्या बाजारावर नुसता त्याचा श्वास ऐकू आला.

तेवढ्यात गर्दीच्या पार मागून, मेन रोडच्या बाजूनं, कुणीतरी त्याला हाक मारली. नावानं. बराबर नावानं. सगळ्यांना वाटलं, हां, हेच की. आन् वाटलं तोवर ते डोक्यातून परत गेलं.

"ओ, आलो," नवरा म्हणाला. माईक तिच्या हातात देऊन निघालाबी. लोक बाजूला झाले. त्यानं मागं पाह्यलं न्हाई.

मालनबाईनं माईक तोंडाला लावला आन् जीव खाऊन ओरडली, "अहो!"

बाजारातले सगळे नवरे वळले. एकच न्हाई वळला.