येऊ दे

"दोन अपघात, आणि दोन्ही रिव्हर्स घेताना?" ट्रकमालकांनी विचारलं.

ड्रायव्हरच्या नोकरीसाठी आलेल्या सुदामनं मान हलवली. खुर्चीत बसल्या बसल्याही त्याचा पाय ब्रेक शोधत होता.

"तो ट्रक गोदामाला लावून दाखव."

मालक स्वतः मागे गेले आणि फाळक्यावर थापा मारत ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे!"

क्लीनरच्या असल्याच 'येऊ दे'वर भिस्त ठेवून सुदाम दोनदा तोंडघशी पडला होता. आता तो आरशावरची नजर हटवेना. एकाएकी आरशात मालक दिसेनासे झाले. थापा मात्र सुरूच. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

"थांबलास का? येऊ दे म्हणतोय ना!"

"आधी आरशात दिसा, मालक."

"किल्ली तुझ्याकडेच ठेव," म्हणत मालक फाळका आणि भिंत यांच्यामधून अंग चोरत बाहेर आले. सदऱ्याची पाठ भिंतीच्या चुन्यानं पांढरीफटक झाली होती.