ठरावाची वही

तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरजवळच्या आमच्या मराठी गावात लोकांनी घराघरांतून पुस्तकं गोळा करून वाचनालय उभं केलं. निम्म्या पुस्तकांना पुठ्ठे घातले ते फकिरानं. पंच्याऐंशी साली एक दिवस सचिव यशवंतरावांनी त्याला दारातच अडवलं.

"आजपासून आत येऊ नको."

"काऊन?"

"कमिटीचा ठराव हाय. वहीत लिवलेला हाय."

वही बाहेरच्याला दाखवायची नाही, असाही एक ठराव होता.

दर अमावास्येला आत कमिटीची बैठक भरायची. फकिरा समोरच्या गिरणीच्या ओट्यावर बसून राहायचा, कोणीतरी बाहेर येऊन कारण सांगेल म्हणून. अकरा वर्षं बसला. शेवटी शेवटी तर विचारायचाही कंटाळा आला.

यशवंतराव वारले. नवा सचिव महिपत तेलुगू शाळेत शिकलेला. तो वही घेऊन फकिराच्याच घरी आला.

"काका, मले मराठी वाचता येत नाई. काय लिवलंय ते सांगा ना."

फकिरानं चष्मा पुसला आणि पंच्याऐंशीचं पान काढलं.

'फकिराने पुस्तकाची पाने फाडल्याची तक्रार आली आहे. पुढच्या बैठकीत त्याचे म्हणणे ऐकून निर्णय घ्यावा. तोवर त्यास आत येऊ देऊ नये.'

त्यानं पान उलटलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.



अकरा वर्षांच्या प्रत्येक अमावास्येला एकच ओळ होती : 'फकिरा गैरहजर. विषय पुढच्या बैठकीत.'