अश्मा

"आता अश्मा समोर घ्या, काका," फोनच्या पडद्यातून गुरुजी म्हणाले.

जगन्नाथरावांनी सपाट खडकावर मांडलेल्या सामानावरून नजर फिरवली. पळी-पंचपात्र होतं, तिळाची डबी होती, दर्भ होते. दगड नव्हता. सोवळं नेसताना तो त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला होता. ते धापा टाकत पार्किंगपर्यंत गेले, सीटखाली चाचपलं, पिशवी उलटी केली. तसेच ते किनाऱ्यावर परतले.

"उर्वी, डॅशबोर्डवरचा काळा दगड कुठाय?"

उर्वी, त्यांची एकुलती एक लेक, पाण्याच्या कडेला उभी होती. "तो? तो मी परत टाकला."

"परत? कुठे परत?"

"इथेच, बीचवर. बाबा, केवढा मोठा बोर्ड लावलाय, दगड नेऊ नका म्हणून. इथले लोक खूप सीरियसली घेतात ते. तुम्ही प्रत्येक ट्रिपला एक तरी दगड खिशात घालून आणता, मला वाटलं, आजही उचललात. आजच्या दिवशी वाद नको म्हणून बोलले नाही."

तिनं हात केला तिकडे जगन्नाथरावांनी पाहिलं. हवाईचा तो किनारा सगळा लाव्ह्याचा. लाडवाएवढे गोल, काळेकुळकुळीत दगड पार टोकापर्यंत पसरलेले. लाट मागे सरली की खडखडत खाली जायचे, पुढची लाट त्यांना पुन्हा वर ढकलायची. भरती चढत होती.

"उर्वी," ते म्हणाले, "ती तुझी आई होती."

तिला काही कळेना. मग त्यांनीच कसंबसं सांगितलं. तिकडे घरी, चँडलरला, अंत्यसंस्काराच्या वेळी मडकं ज्यानं फोडलं, तो हा दगड. दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो म्हणतात. आज त्यावर सगळ्यांनी तेल-पाणी घालायचं, आणि मग तो सोडायचा. वसुधाला समुद्राचं वेड, म्हणून एवढ्या लांब आणला.

"तू वेळेवर आली असतीस तर तुला ठाऊक असतं हे!"

बोलून गेले आणि जीभ चावली. तिचं विमान बर्फाच्या वादळात अडकलं होतं, आईचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तोंडातून गेलं ते गेलंच. उर्वीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, सापडत नसेल तर दुसरा घेता येतो," तिकडे एडिसन गावाहून बोलणारे गुरुजी समजुतीनं म्हणाले. "प्रायश्चित्ताचा संकल्प सांगतो मी. होतं असं कधीकधी."

"दुसरा?" जगन्नाथराव फोनवर खेकसले. "बायको दुसरी करतोय का मी?"

खरं तर जगन्नाथरावांचा जन्म कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात गेलेला, देवाधर्माशी बेताचाच संबंध. पण गेले काही दिवस ते त्या दगडाशी बोलत होते. चहा झाला का, हेसुद्धा त्याला विचारत होते. वसुधानं वाईच्या घाटावरून आणून तुळशीच्या कुंडीत ठेवलेला दगड तो. सह्याद्रीचा, म्हणजे तोही ज्वालामुखीचाच. पोरीला तरी वेगळा कसा दिसावा?

उर्वी गुडघ्यावर बसून दगड चाळत होती. उचलायची, बघायची, टाकायची. एक मोठी लाट आली आणि तिला छातीपर्यंत भिजवून गेली. ती कोलमडली.

"उर्वी, मागे हो! एक गेली ती पुरे झाली मला!"

ती हलली नाही. "कसा होता? सांगा ना, बाबा! काहीतरी सांगा!"

"गोल. मडकं फोडताना एक टवका उडालाय त्याचा. आणि तेलकट. आईच्या डोक्याचं तेल लावायचो मी रोज सकाळी. ते जास्वंदीचं, घरी उकळायची ते."

मग उर्वी दगड हुंगायलाच लागली. एकामागून एक, ओले, खारट दगड नाकाशी न्यायची. येणाऱ्या लाटेकडे तिचं लक्षच नव्हतं. बघवत नव्हतं ते. जगन्नाथराव सोवळं सावरत तिच्याकडे धावले, घसरले, पुन्हा उठले.

एकदम ती थांबली. हातातला दगड तिनं गालाशी धरला आणि हमसून हमसून रडायला लागली. "बाबा, आई! आईचा वास!"

त्यांनी तिला ओढत वर आणलं. दगड हातात घेतला, अंगठा फिरवला. टवका नव्हता. उलट वरून बारीक बारीक भोकं होती, इथल्या दगडांना असतात तशी. नाकाशी नेला. नुसतं मीठ. मग त्यांनी तिचा उजवा तळहात धरला आणि हळूच नाकाशी नेला. जास्वंदीचं तेल. खाऱ्या पाण्यानंही गेलं नव्हतं.

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. लाट परतत होती, दगड खडखडत खाली चालले होते.

"हाच ना?" उर्वीनं विचारलं.

"हाच."

त्यांनी तो दगड खडकावर ठेवला आणि फोन सरळ केला. "सापडला, गुरुजी. करा सुरू."

"देवाची कृपा. काका, आधी तुम्ही तेल घाला."

जगन्नाथरावांनी पळी उर्वीच्या हातात दिली.

"आधी ही घालेल," ते म्हणाले. "तेलाच्या हातानं सुरुवात तिनंच केलीय."